तीस अंशांचा इशारा

दिल्लीच्या पाण्यात एनडीएम-1 हे जिवाणूंना प्रभावी अँटिबायोटिकपासूनही वाचवणारं जनुक सापडल्याचा शोधनिबंध एप्रिल 2011 मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये आला. परवा तरुण डॉक्टरांशी बोलताना त्याचा विषय निघाला. त्यांना आठवत होता तो फक्त नावातल्या ‘न्यू दिल्ली’वरून झालेला गदारोळ. ते मनाला लागलं.

अँटिबायोटिक प्रतिकाराचा पेनिसिलिनपासूनचा इतिहास पाठ्यपुस्तकांत आहे. तो इथे उगाळत नाही. 2010 नंतरचं दशक मात्र मी मुंबईत कल्चर रिपोर्टवर सह्या करत काढलं. मेरोपेनेम या राखीव अँटिबायोटिकसमोर ‘आर’, म्हणजे ‘रेझिस्टंट’, लिहिताना आधी हात थबकायचा, चाचणी पुन्हा लावायचो. पुढे त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

मार्च 2010 मध्येच हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एनडीएम-1 जनुक मुंबईतल्या रुग्णांत आढळल्याचं भारतीय नियतकालिकात लिहिलं होतं. तरी ऑगस्टमध्ये परदेशी नियतकालिकात निबंध येताच भारताच्या मेडिकल टुरिझमविरुद्ध कट शिजल्याची ओरड झाली. घरच्यांनी सांगितलेलं ऐकायचं नाही आणि बाहेरच्यांनी सांगितलं की अपमान मानायचा, या वृत्तीने आपली मोलाची वर्षं खाल्ली.

2011 च्या निबंधात रस्त्यांवर, गल्ल्यांत साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 पैकी 2 मध्ये हे जनुक होतं. ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या कड्यावर असतं आणि एक जिवाणू ते शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देतो. ही देवघेव 25 किंवा 37 अंशांपेक्षा 30 अंशांना जास्त झाली. म्हणजे माणसाच्या शरीरापेक्षा उन्हाळ्या-पावसाळ्यातला आपला उघडा नाला तिला अधिक मानवतो. खरी बातमी ही होती, आणि तिच्यावर चर्चा झालीच नाही.

2018 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासातही उष्ण भागांत ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूंमधला अँटिबायोटिक प्रतिकार जास्त दिसला. उष्णता हेच कारण, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगंही ते नाही.

2014 मध्ये काही अँटिबायोटिकच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला आळा घालणारं शेड्यूल एच1 लागू झालं. तरी आजही दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळतं, आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नाल्यांत जातंच आहे. उन्हाळे तर वाढतच चालले आहेत. तेव्हा सर्दीसाठी अँटिबायोटिक मागू नका, आणि मत मागायला येणाऱ्याला आधी विचारा: आमच्या वॉर्डाचं सांडपाणी जातं कुठे?