नित्यश्रवण आणि मनःस्वास्थ्य

'कानावर पडणे' आणि 'ऐकणे' या दोन क्रियांत मराठी भाषा काळजीपूर्वक भेद करते. पहिलीत कर्ता ध्वनी आहे. माणूस तेथे केवळ अधिकरण. दुसरीत माणूस स्वतः कर्ता होतो. 'मुलगा ऐकत नाही' या वाक्यात तर ऐकण्याचा अर्थ मान्य करण्यापर्यंत जातो. 'दासबोधा'च्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण करताना समर्थांनी पहिला समास श्रवणाला दिला आहे, तो या दुसऱ्या अर्थाच्या श्रवणाला. नित्य श्रवणाने मनास स्वास्थ्य लाभते, असे आपण परंपरेने मानत आलो. या समजुतीस प्रायोगिक आधार कितपत आहे, आणि असल्यास तो शब्दाच्या बाजूस पडतो की सुराच्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या संदर्भात फिनलंडमधील एक प्रयोग विशेष विचारार्ह आहे. हेलसिंकी येथील तेप्पो सार्कामो व त्यांचे सहकारी यांनी तो २००८ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मेंदूतील रक्तप्रवाह खंडित होऊन पक्षाघात झालेले ६० रुग्ण त्यांनी निवडले व चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाने स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकावे, दुसऱ्याने स्वतः निवडलेली ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकावीत आणि तिसऱ्यास श्रवणाचे कोणतेही साहित्य देऊ नये, अशी योजना होती. श्रवण रोज किमान एक तास, दोन महिने चालावयाचे होते. नेहमीचे औषधोपचार तिन्ही गटांस सारखेच होते.

तीन महिन्यांनंतरच्या चाचण्यांत संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती पहिल्या आठवड्याच्या मानाने सुमारे ६० टक्क्यांनी सुधारली होती. पुस्तके ऐकणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के व तिसऱ्या गटात २९ टक्के होते. एका विषयावर अवधान केंद्रित करण्याची शक्तीही पहिल्या गटातच वाढलेली आढळली. शिवाय, काहीच न ऐकणाऱ्यांच्या तुलनेने या गटात खिन्नता व मनाचा गोंधळ कमी होता.

भाषेच्या अभ्यासकास हा निष्कर्ष प्रथमदर्शनी काहीसा अप्रिय वाटेल. शब्दांची स्मृती शब्द ऐकून न सुधारता संगीत ऐकून सुधारावी, हे कसे? परंतु यातून 'शब्द निरुपयोगी, सूर उपयोगी' असे अनुमान काढणे घाईचे होईल. रुग्णांनी निवडलेल्या संगीतात शब्दयुक्त गीतांचाच भरणा अधिक होता. याच परंपरेतील २०२० मधील एका अभ्यासात दोन प्रयोगांतील एकूण ८३ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. शब्दस्मृतीच्या बाबतीत गायलेले संगीत हे निव्वळ वाद्यसंगीत आणि ध्वनिपुस्तक या दोहोंहून सरस ठरले. वाचाघात झालेल्या रुग्णांची भाषा सावरण्यासही त्याचे साहाय्य झाले. म्हणजे सामर्थ्य एकट्या सुराचे नाही, एकट्या शब्दाचेही नाही. ते सुरावर आरूढ झालेल्या शब्दाचे आहे, असे म्हणावे लागते.

याची कारणमीमांसा अद्याप पूर्ण झालेली नाही. प्रिय संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन हे द्रव्य स्रवते, हे माँट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. त्या द्रव्यामुळे उत्साह व अवधान वाढत असावे, असा एक तर्क आहे. सावरणाऱ्या मज्जाभागांस संगीत प्रत्यक्ष चालना देत असावे, असा दुसरा.

येथे दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. हे निष्कर्ष रुग्णांपुरते आहेत. निरोगी माणसासही तेवढाच लाभ होईल, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. आणि श्रवण हे उपचाराच्या जोडीचे साधन आहे, उपचाराच्या जागी येणारे नव्हे.

तथापि व्यवहारात या विवेचनाचा उपयोग आहे. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात, आणि नेमके तेच बहुधा छताकडे पाहण्यात जातात. घरचे लोक एक तर खोलीत शांतता राखतात, किंवा दिवसभर रेडिओ चालू ठेवून आपले कर्तव्य झाले असे मानतात. पहिल्या प्रकारात कानावर काहीच पडत नाही. दुसऱ्यात केवळ पडतच राहते. फिनलंडमधील रुग्णांस काय ऐकावयाचे, हे विचारण्यात आले होते, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. आजाऱ्यास अभंग प्रिय असेल, लावणी असेल किंवा जुने चित्रपटगीत असेल; ते आपल्या आवडीवरून ठरवू नये. त्याला बोलता येत नसेल, तर दोन-तीन गीते लावून त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. कर्तेपण हिरावले गेलेल्या माणसास एका क्रियेचे तरी कर्तेपण अशा रीतीने परत देता येते.