घोडा नसलेले घोडेस्वार

मेळघाटातल्या कोरकू आदिवासीच्या घरी बैल असतात, शेळ्या-कोंबड्या असतात. मोहफुलं, तेंदूपत्ता आणि बांबूवर वर्षातले काही महिने निघतात. घोडा मात्र सहसा नसतो. तरीही धारणी-चिखलदऱ्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं जो सागवानी लाकडाचा मुंडा कोरून रोवतात, त्यावर तो माणूस बहुधा घोड्यावर बसलेला असतो. नांगराचा तिथं पत्ता नसतो.

मुंडा रोवण्याच्या विधीला सिडोली म्हणतात. ती मृत्यूनंतर लगेच होतेच असं नाही. बकरा, मोहाची दारू, पाहुणे, गावजेवण असा खर्च मोठा, म्हणून घरं वर्षानुवर्षं थांबतात आणि कधी दोन-चार मृतांची सिडोली एकदमच उरकतात. तोवर मेलेल्याचा जीव घराभोवती घोटाळतो, अशी समजूत. सिडोली झाली की तो पितरांत जमा.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला. त्यात मुंड्याचं वर्णन आहे. वर सूर्य आणि चंद्र, त्यांच्या जोडीला आठ पायांचा कोळी आणि माणसाचा कान, खाली शस्त्र घेतलेला स्वार. सूर्य-चंद्र हे कोरकूंचे थोर देव, ते वर असणारच. कोळी आणि कान यांचा अर्थ लावण्याचा मोह मी आवरतो. काही मुंड्यांवर हातात हात घालून नाचणाऱ्यांची रांगही असते. कोरलेल्या रेषा साध्या, जाड. चेहऱ्यावरून माणूस ओळखावा अशी अपेक्षाच नाही.

म्हणजे मेलेला काय काम करून जगला, हे मुंडा सांगत नाही. मृत्युशिल्पांत कामधंदा दिसतो तो बहुतेकदा त्या कामानंच जीव घेतला तर. गाईंच्या रक्षणासाठी पडलेल्याच्या वीरगळावर गाईंची रांग असते. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं आहेत, कारण ती माणसं आरमारी लढाईत गेली. अभ्यासक ती लढाई शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी जोडतात. गुजरातच्या किनाऱ्यावर दर्यात गेलेल्या खलाशांच्या पाळियांवरही, म्हणजे स्मृतिशिळांवरही, जहाज दिसतं. मुघलकालीन कबरींवर कलमदान कोरलेलं पाहून हा कुणी कारकून असावा असं वाटतं, पण ती फसगत आहे. कलमदान पुरुषाची खूण, सपाट पाटी बाईची. पेशाचा तिथं संबंध नाही.

झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिलांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या गाता नावाच्या स्मृतिशिळांवरचा जुना घोडेस्वार आता कधी पोलिसाच्या वर्दीत असतो, हातात बंदूक, मनगटावर घड्याळ. बस्तरच्या माडियांच्या रंगीत स्मृतिस्तंभांवर मोटारी आणि विमानंही आली. सरकारी नोकरी मिळवणं हा पराक्रम असेल तर तो दगडावर यायलाच हवा, हा हिशेब मला रास्त वाटतो.

कोरकूंचा हिशेब निराळा. मुंडा हा चरित्राचा फलक नव्हे, पाठवणीचं वाहन आहे, असं माझं मत. जन्मभर बैलामागं चाललेल्याला शेवटच्या वाटेला घोडा द्यायचा. त्यात पाटील आणि सालदार असा फरक राहत नाही, निदान चित्रात तरी नाही.

1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. 2000 नंतर बोरी, कोहा, कुंड अशी गावं जंगलातून उठवून अकोला जिल्ह्यात अकोटच्या बाजूला वसवली गेली. मोबदला ठरतो तो घर, शेत आणि कुटुंब पाहून. जुन्या गावठाणातले पितर त्या कागदात बसत नाहीत. डोंगर उतरून सपाटीवर आलेल्या कोरकूला काम मिळतं ते बहुतेक दुसऱ्याच्या कपाशीच्या नाहीतर सोयाबीनच्या रानात, मजुरीचं. आणि सागवान? ते जंगलात उभं आहे. तोडायचं तर परवानगी, आणायचं तर वाहतुकीचा पास. सिडोली करू पाहणाऱ्या घराला आता बकऱ्याआधी लाकडाची सोय पाहावी लागते.