नाव वेगळं, माणूस तोच

नागपूर रेल्वे स्थानकावर सापडलेला, नाव-गाव सांगता न येणारा एक मुलगा शहरातल्याच एका कुटुंबात वाढला. शाळेसाठी त्याचं आधार कार्ड काढायला गेले, तर नोंदणी नाकारली गेली. मानकापूरच्या आधार सेवा केंद्रात कारण शोधलं, तेव्हा कळलं की त्याची नोंद २०११ मध्येच जबलपूरला झाली होती, दुसऱ्या नावाने. २०२१ मध्ये तो आईवडिलांना भेटला.

आधारची नवी नोंद आली की बोटांचे ठसे आणि बुबुळं आधीच्या नोंदींशी ताडली जातात. नावाला तिथे किंमत नाही, म्हणून हे जमलं. यंत्राने मात्र फक्त अर्ज फेटाळला. घर शोधलं ते केंद्रातल्या माणसांनी.

मतदारयादी, सात-बारा, शाळेचा दाखला यांवर ठसे नसतात. तिथे नाव आणि असलीच तर जन्मतारीख किंवा वय, यांवरच भागवावं लागतं. वानखेडे हे आडनाव इंग्रजीत कुणी 'ई' घालून लिहितं, कुणी 'ए' घालून. संगणकाच्या लेखी ही माणसं दोन. यावरचं गणित इवान फेलेगी आणि ॲलन संटर या कॅनडातल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये मांडलं. एखादी बाब एकाच माणसाच्या दोन नोंदींत किती वेळा जुळते आणि परक्या माणसांत निव्वळ योगायोगाने किती वेळा, या गुणोत्तरावरून तिचं वजन ठरतं. नागपुरात मेश्रामशी मेश्राम जुळलं तर फारसं काही सिद्ध होत नाही. विरळा आडनाव जुळलं तर पारडं जड होतं. जन्मतारीख एरवी भक्कम पुरावा. पण १ जून? शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेल्या त्या तारखेला महाराष्ट्राची अख्खी पिढी जन्मली आहे!

सगळ्या वजनांची बेरीज पुरेशी मोठी आली तर माणूस एक, फारच कमी आली तर दोन. मधल्या जोड्या माणसाने डोळ्यांखालून घालायच्या, हाही त्या सिद्धांताचाच भाग आहे. २०१७च्या शेतकरी कर्जमाफीत अर्ज आणि बँकांची माहिती ताडली, तेव्हा न जुळलेली नावं 'यलो लिस्ट'मध्ये टाकून तालुका समितीकडे पाठवली होती. त्या कामाला वेळ लागला, शिव्याही पडल्या. तरी पद्धत शास्त्रशुद्धच होती. 'जुळत नाही' एवढ्यावर लाभार्थ्याचं नाव परस्पर कापणं मात्र शास्त्रात बसत नाही. नाव वगळण्याआधी त्या माणसाला बोलावून कागद तपासण्याची अट प्रत्येक योजनेच्या शासन निर्णयातच असायला हवी.