हरवलेली हेडर फाइल

नवी दिल्लीत मंडी हाउसजवळचा कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला परका नाही. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. ब्रिटिश अमदानीत या रस्त्यास लिटन रोड म्हणत. आज कोणी पाकिटावर ते जुने नाव घातले, तर इमारत जागच्या जागी असूनही नवख्या टपालवाल्यास ती सापडणे कठीण. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढेही अशीच अडचण वारंवार उभी राहते.

सी किंवा सी++ भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर कंपायलर करतो. अन्यत्र रचलेल्या घटकांची ओळख त्याला हेडर फाइल करून देते. 'इन्क्लूड' ही सूचना दिसताच तो त्या फाइलचा मजकूर जसाच्या तसा तेथे समाविष्ट करतो. ती न मिळाल्यास काम थांबते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ही चूक सी१०८३ या क्रमांकाने कळवितो. 'फाइल उघडता येत नाही' असे तो म्हणतो; पण त्याचा अर्थ फाइल कोठेच अस्तित्वात नाही, असा होत नाही. हा भेद फार महत्त्वाचा आहे.

भारतातील शाळा-महाविद्यालयांत टर्बो सी++ हा जुना कंपायलर दीर्घकाळ वापरला गेला. त्यात आज्ञावलीचा प्रारंभ 'आयओस्ट्रीम.एच' या नावाने होई. १९९८ साली सी++चे आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि त्यात नावापुढील 'एच' गळाला. त्यामुळे वहीतील निर्दोष आज्ञावली नव्या संगणकावर पहिल्याच ओळीशी अडू लागली. आपला तर्कच चुकला, असे विद्यार्थ्यास वाटे. वस्तुतः बदलला होता केवळ पत्ता.

मिश्र पद्धतीच्या आज्ञावलीत हा गुंता वाढतो. सी++/सीएलआय या भाषेत एकाच प्रकल्पात दोन प्रकारचे भाग नांदतात. एक भाग थेट प्रक्रियकाच्या भाषेत उतरतो. दुसरा डॉट नेटच्या देखरेखीखाली चालतो. पहिल्यास हेडर फाइल लागते. दुसऱ्या प्रकारच्या तयार संग्रहात मात्र घटकांचे वर्णन संग्रहातच नोंदलेले असते. ते 'इन्क्लूड'ने नव्हे, तर 'यूजिंग' या सूचनेने किंवा प्रकल्पाच्या संदर्भयादीतून मिळते. अशा संग्रहासाठी हेडर फाइल शोधत बसणे व्यर्थ होय.

आणखी एक कारण अधिक फसवे आहे. जुन्या सी++ संग्रहाला जोडणारा नवा प्रकल्प त्याची एक हेडर फाइल मागवितो. ती सापडते, पण तिच्या पोटात आणखी चार फाइलींची नावे असतात. त्यांचे मार्ग जुन्या प्रकल्पाच्या यादीत नोंदलेले असतात, नव्याच्या नव्हे. एका प्रकल्पाची यादी दुसऱ्यास आपोआप मिळत नाही.

म्हणून शोध क्रमाने करावा. प्रथम सर्वांत वरची चूक वाचावी. खालच्या अनेक चुका तिच्यातूनच उपजलेल्या असतात. नंतर नावाचे स्पेलिंग पाहावे. लिनक्सवर लहान-मोठ्या लिपीचा फरकही बाधतो. नाव अवतरणचिन्हांत असल्यास कंपायलर आधी ती सूचना असलेल्या फाइलच्याच फोल्डरमध्ये पाहतो. कोनी कंसांत असल्यास नेमून दिलेल्या मार्गांवरच शोधतो. हे मार्ग चाचणीच्या व अंतिम अशा दोन्ही रचनांत स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत का, हे तपासावे. 'शो इन्क्लूड्स' हा पर्याय दिल्यास कोणत्या फाइलने कोणती मागविली, याची पायरीपायरीने यादी मिळते. ती जेथे तुटते, तेथेच दोष असतो.

घाईने फाइलींच्या प्रती इकडे तिकडे टाकल्यास चूक तात्पुरती लपते. पुढे एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या परस्परांशी झगडू लागतात. विद्यार्थ्याने आपली आज्ञावली खोडण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारावा: कंपायलर नेमका कोठे पाहत आहे? उत्तर मिळाले, की हरवलेली फाइल बहुधा आपल्या जागीच सापडते.