पोरानं अमेरिकेत लग्न केलं, म्हणून ग्रीन कार्ड मिळालं असं नाही

अमरावती-अकोल्याकडचं पोरगं एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकायला गेलं अन् तिथल्या नागरिक पोरीशी लग्न केलं, की कार्ड आपोआप येते असं गावात समजतात. तसं नाही. बायकोनं आय-१३० भरायचा, पोरानं आय-४८५. दोन्ही अर्ज सोबत भरता येतात. नागरिकाच्या जोडीदाराला कोट्याची रांग नाही, हा मोठा फायदा.

घरच्यांनी जपायचं ते वेगळंच. पोरगं अजून विद्यार्थी व्हिसावर आहे, अर्ज चालू आहे अन् ‘अॅडव्हान्स परोल’, म्हणजे प्रवासाची परवानगी, हाती नसताना ते दिवाळीला गावी आलं, तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. मग इथं बसून वाणिज्य दूतावासामार्फत व्हिसा काढावा लागतो. म्हणून ‘चार दिवस येऊन जा’ म्हणण्याआधी परवानगी आली का, ते विचारा.

तुमच्याकडून जन्मदाखला लागेल. ग्रामपंचायतीत ‘गजू’ अन् पासपोर्टवर ‘गजानन’ असेल तर आत्ताच पाहा. नोंदच नसेल तर तसा दाखला काढून ठेवा.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मंजूर झालेलं कार्ड दोनच वर्षं चालते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरावा लागतो.

कोणी एजंट ‘कागदावरचं लग्न’ सुचवत असेल तर ऐका: त्याला ५ वर्षांपर्यंत कैद अन् अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. पुढं खरं लग्न केलं तरी जोडीदाराचा अर्ज मंजूर होत नाही.