टाळे न लागता बंद झालेली दुकाने

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील ‘ऱ्हिदम हाऊस’ हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली आणि १९४० च्या दशकापासूनच्या व्यवहाराला एक शेवटची तारीख मिळाली. परंतु इंदापूर तालुक्यातील बावड्यासारख्या बाजाराच्या गावांत गाण्यांचा जो व्यापार चालला, त्याला अशी तारीख नाही, कारण तेथे दुकान राहिले आणि त्यातील माल बदलत गेला.

मुळात तबकडीचे दुकान ही शहराची गोष्ट होती. लाखेच्या मिश्रणाची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटे वाजत असे. ती छापण्यास कारखाना लागे, आणि असा कारखाना भारतात १९०८ साली कोलकात्यात उभा राहिल्यापासून ‘एचएमव्ही’ या छापाच्या ग्रामोफोन कंपनीचा या धंद्यावर दीर्घकाळ वरचष्मा होता. साहजिकच काय छापावे हे कंपनी ठरवी, आणि ग्रामोफोन व तबकड्या परवडणारे गिऱ्हाईक ज्या पेठांत असे, तेथेच दुकान निघे. ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये तबकडी घेण्यापूर्वी ती ऐकून पाहण्यासाठी बंदिस्त कक्ष होते, खेड्यातील माणसाला मात्र तीच गाणी रेडिओवर किंवा लग्नाच्या मांडवातील कर्ण्यावर, दुसऱ्याच्या पसंतीने, ऐकावी लागत.

ही पसंती खेड्याच्या हाती दिली ती कॅसेटने. ‘फिलिप्स’ने १९६३ साली बाजारात आणलेल्या या चुंबकीय फितीच्या डबीचा भारतातील खरा प्रसार १९८० च्या दशकात झाला. फितीची नक्कल करण्यास छापखान्यासारखा अवजड कारखाना लागत नसल्याने लहान भांडवलाच्या कंपन्या निघाल्या, १९८३ साली स्थापन झालेल्या ‘सुपर कॅसेट्स’ने, म्हणजे ‘टी-सिरीज’ने, स्वस्त कॅसेट किराणा आणि पानाच्या दुकानांपर्यंत नेली, आणि एचएमव्हीच्या यादीत ज्यांना क्वचितच जागा मिळाली असती अशी भारुडे, वगनाट्ये, जागरण-गोंधळ आणि भीमगीते विक्रीला आली. तुकाराम महाराजांची पालखी इंदापूरहून बावड्यावरून सराटीकडे जाते आणि तेथे नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. या पट्ट्यात प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि बाबामहाराज सातारकरांची कीर्तने यांना मागणी असावी, यात नवल नाही. विक्रीबरोबरच ‘कॅसेट भरून देणे’ हाही धंदा होता: गिऱ्हाइकाने गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि दुकानदाराने साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून द्यायची. कायद्याच्या दृष्टीने ही चोरीच होती, पण तिच्यासाठी दुकानदाराला गाणी, गायक आणि गिऱ्हाइकाची आवड ठाऊक असावी लागे, आणि हे ज्ञान कोणत्याही अधिकृत विक्रेत्याच्या ज्ञानाहून कमी प्रतीचे नव्हते.

ज्या सुलभ नकलेमुळे खेड्यातील दुकान जन्मले, तिनेच पुढे शहरातील दुकान मोडले. एमपी३ ही ध्वनी दाबून त्याची संगणकीय धारिका लहान करण्याची पद्धत रूढ झाल्यावर एका सीडीत शंभर-दीडशे गाणी मावू लागली आणि त्यानंतर नखाएवढ्या मेमरी कार्डात काही शेकडे. ‘मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या तालुक्या-तालुक्यांत लागल्या, त्या बहुधा रिचार्ज आणि दुरुस्तीच्या दुकानांवर. ‘ऱ्हिदम हाऊस’ बंद झाले त्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, ‘जिओ’ची सेवा सुरू झाली, मोबाईलचा डेटा स्वस्त झाल्यावर गाणे भरून घेण्याचेही कारण उरले नाही.

अमेरिकेतील ‘टॉवर रेकॉर्ड्स’ ही दुकानसाखळी २००६ मध्येच मिटली होती. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील, १९२१ साली उघडलेले एचएमव्हीचे दुकान २०१९ मध्ये बंद होऊन २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि त्यामागे तबकडीची पुन्हा आलेली हौसही आहे. मात्र ही हौस महागडी असल्याने बावड्याच्या बाजाराशी तिचा संबंध जोडण्याचे कारण नाही.

येथील प्रश्न निराळा आहे. मोठ्या कंपन्यांचा साठा इंटरनेटवर आला, पण लहान कंपन्यांनी काढलेल्या वगनाट्यांच्या आणि भारुडांच्या कॅसेटची मूळ ध्वनिमुद्रणे सांभाळण्याची तशी सोय झाली नाही, आणि घरोघरच्या पेट्यांत राहिलेल्या फिती ओल आणि बुरशीने खराब होत जातात. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकत असल्याने १९८५ सालची कॅसेट २०४५ च्या अखेरीपर्यंत हक्कबद्ध आहे. तिची कंपनी मोडली असली आणि हक्कदार सापडत नसला, तरी ती रीतसर पुन्हा प्रकाशित करणे अवघड ठरते. म्हणून आज यूट्यूबवर जी जुनी वगनाट्ये ऐकायला मिळतात, त्यांतील बरीचशी हौशी लोकांनी परवानगीविना चढवलेली असतात, म्हणजे जतनाचे कामही पुन्हा ‘कॅसेट भरून देणाऱ्यां’च्याच रीतीने चालले आहे.