प्लॅकार्ड आईंचं, गाडी आपली

“आईंचं प्लॅकार्ड आहे ना गाडीत, मग लाव की तिथेच.” कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट किंवा सनीवेलमधल्या भारतीय किराणा दुकानापुढे शनिवारी संध्याकाळी पार्किंगसाठी चकरा मारताना कुणीतरी हे म्हणतंच. आई त्या वेळी घरी मालिका बघत बसलेल्या असतात. बोलणाऱ्याच्या मनात फसवणूक वगैरे काही नसतं. जागा रिकामी, प्लॅकार्ड खरं, सरकारनेच दिलेलं, मग बिघडलं कुठे, एवढाच हिशेब असतो. बिघडतं ते असं, की अपंगांसाठी राखीव जागेत गाडी लावायचं ते प्लॅकार्ड सरकारने गाडीला दिलेलं नाही आणि घरालाही नाही. ते आईंना दिलेलं आहे.

अमेरिकेत राज्यागणिक नियम थोडेथोडे बदलतात, म्हणून इथे बोलणं मुख्यतः कॅलिफोर्नियापुरतं. मराठी घरं तिथे पुष्कळ आहेत, आणि दर उन्हाळ्यात पुण्या-डोंबिवलीहून येणारे आईबाबाही पुष्कळ.

‘घरात एक आहे, सगळ्यांना चालतं’

आरशाला अडकवायचं हे प्लॅकार्ड राज्याचं मोटार वाहन खातं, म्हणजे डीएमव्ही, एका व्यक्तीच्या नावावर देतं. सोबत त्या व्यक्तीचं नाव असलेलं एक ओळखपत्र येतं. पोलिसाने किंवा पार्किंग अधिकाऱ्याने मागितलं तर ते दाखवावं लागतं. आई बरोबर असतील तर गाडी कुणाचीही चालते: लेकाची, शेजारच्या काकूंची, भाड्याची. आईंना स्वतःला गाडी चालवता यायला हवी असंही नाही. पूर्ण दृष्टिहीन माणसालाही कॅलिफोर्नियात हे प्लॅकार्ड मिळतं. तो गाडी चालवणार नाही हे उघडच आहे. उलट आई बरोबर नसतील तर त्यांच्या स्वतःच्या नावावरची गाडीसुद्धा त्या जागेवर लावता येत नाही. ‘त्यांचंच औषध आणायला आलोय’ हे कारण ऐकायला बरं वाटतं, पण नियमात बसत नाही. चालण्याचे कष्ट ज्याचे वाचवायचे, तो माणूसच तिथे नाही.

गैरवापराचा दंड २५० ते १००० डॉलर, आणि प्लॅकार्ड हातचं जाऊ शकतं ते वेगळंच. म्हणजे लेकाने शनिवारी दोन मिनिटं वाचवली की सोमवारी दवाखान्यात जायला आईंकडे प्लॅकार्ड नाही, असं होऊ शकतं.

माणूस गेल्यावर ६० दिवसांत प्लॅकार्ड डीएमव्हीला परत करायचं असतं. घरात दुःख असताना हे कुणाला सुचत नाही, ते समजण्यासारखं आहे. पण ते गाडीत तसंच लटकत राहतं आणि वापरलंही जातं. कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने २०१७ मध्ये हा सगळा कारभार तपासला. तेव्हा शंभरी ओलांडलेल्या सुमारे २६,००० लोकांच्या नावे कायमची प्लॅकार्डं चालू असल्याचं दिसलं. राज्यात शतायुषी माणसं होती सुमारे ८,०००. त्यानंतर कायदा कडक झाला. आता अर्जासोबत नाव आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो, आणि हरवलं-हरवलं म्हणून दुसरं मागायलाही मर्यादा आहे.

‘हे तर ठणठणीत दिसतात’

पाटीवर व्हीलचेअर आहे, तेव्हा जागा व्हीलचेअरवाल्यांचीच, हा समज इतका पक्का आहे की गाडीतून चालत उतरणाऱ्या माणसाकडे लोक चोर पकडल्यासारखं बघतात. ते चिन्ह १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं. मूळ चित्रात नुसती खुर्चीच होती म्हणावी, डोकं नव्हतं. वरचा गोल नंतर जोडला गेला. ते चिन्ह सगळ्या प्रकारच्या अपंगत्वाचं आहे.

कुणाला पात्र धरायचं याची एक केंद्रीय व्याख्या १९९१ पासून आहे, आणि ती वाचताना आपल्या डोळ्यांसमोर ओळखीची माणसं येतात. मध्ये थांबून दम घेतल्याशिवाय २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर, चालू न शकणारा. काठी, कुबडी, ब्रेस किंवा दुसऱ्याचा हात यांच्याशिवाय चालू न शकणारा. फुप्फुसाच्या आजारामुळे जोरात फुंकर मारली तरी पहिल्या सेकंदात एक लिटरही हवा बाहेर टाकू न शकणारा. ऑक्सिजनचं नळकांडं बरोबर बाळगणारा. हृदयविकार तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीचा असलेला, म्हणजे थोडं चाललं की धाप, चौथ्या श्रेणीत तर बसून असतानाही. संधिवात किंवा मज्जासंस्थेच्या आजारामुळे चालण्यावर मोठी मर्यादा आलेला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दोन्ही हात निकामी असलेली व्यक्तीही बसते, आणि ती चालते अगदी व्यवस्थित. यातले निम्मे आजार शर्टाच्या आतले आहेत. पार्किंगमध्ये उभं राहून पारख करण्याचं काम आपलं नाही. ते डॉक्टरांनी अर्जावर सही करताना केलेलं असतं.

याची दुसरी बाजूही आहे. नुसतं वय झालं म्हणून प्लॅकार्ड मिळत नाही. बाबा ७८ वर्षांचे असून रोज तीन मैल फिरत असतील तर त्यांनी लांब गाडी लावून चालत यावं.

भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र ‘टक्के’ असतात. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट. म्हणून पहिला प्रश्न येतो, “किती टक्के लागतात?” इथे टक्केच नाहीत. चालताना काय होतं, एवढंच विचारतात. दोन्ही पद्धतींत खोट काढता येईल, पण पार्किंगपुरतं मला हेच शहाणपणाचं वाटतं: जागा कशासाठी आहे, तेवढंच मोजायचं.

‘पट्ट्यांवर लावली, जागेवर कुठे लावली?’

अपंगांसाठी राखलेल्या निळ्या जागेच्या शेजारी तिरप्या रेघा ओढलेला एक पट्टा असतो. कॅलिफोर्नियात त्यावर ‘नो पार्किंग’ असं जमिनीवर रंगवलेलंही असतं. तरी मोटरसायकल, सामानाच्या ट्रॉल्या आणि ‘जरा टेकवलेल्या’ छोट्या गाड्या नेमक्या तिथेच सापडतात. सगळ्या नियमांत सर्वांत कमी समजलेला नियम हाच असावा.

तिथे काय घडतं ते एकदा नीट बघायला हवं. व्हॅन थांबते. बाजूचं दार सरकतं. आतून उतार हळूहळू उलगडत खाली येतो आणि जमिनीला टेकतो. त्यावरून खुर्ची उतरते, आणि उताराच्या टोकाशी तिला वळायला आणखी जागा लागते. सगळं झालं की उतार आत जातो. जाताना हेच उलट्या क्रमाने. आता मधल्या वेळात कुणी त्या पट्ट्यावर ट्रॉली सोडली तर ती निदान कुणालातरी हलवायला सांगता येते. मोटरसायकल लावली तर खुर्चीतला माणूस स्वतःच्या गाडीसमोर, हातात किल्ली घेऊन, मोटरसायकलवाल्याची खरेदी संपायची वाट बघत बसतो.

म्हणून पट्ट्याची मापं ठरलेली आहेत. केंद्रीय मानकांप्रमाणे गाडीची जागा ८ फूट रुंद आणि पट्टा ५ फूट. व्हॅनसाठी जागा ११ फूट आणि पट्टा ५, किंवा दोन्ही ८-८ फूट. कॅलिफोर्नियाच्या बांधकाम नियमांत गाडीची जागा याहूनही एक फूट रुंद आहे. पट्टा हा जागेचाच भाग आहे. प्लॅकार्ड असलेल्यालाही तिथे गाडी लावता येत नाही.

‘दोनच मिनिटं, आणि मी गाडीतच बसलोय’

कायद्याला दोन मिनिटं माहीत नाहीत. चालक आत बसलेला असला, इंजिन चालू असलं, तरी गाडी उभी केली की ती पार्क केलेलीच धरतात. प्लॅकार्ड नसताना निळी जागा अडवल्याचा पहिला दंड २५० डॉलरपासून सुरू होतो.

याच्याच जोडीला ‘एवढ्या जागा रिकाम्या ठेवून वाया घालवतात’ ही तक्रार असते. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज कायद्याखालची मानकं सांगतात: २५ पर्यंत जागांच्या आवारात एक, १०० च्या आवारात चार, ५०० च्या आवारात नऊ. पाचशेत नऊ म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे प्रमाण दहा टक्के. दाराजवळ असल्यामुळे त्या डोळ्यांत भरतात, इतकंच.

‘निळं लटकवलं की कुठेही’

नाही. फुटपाथच्या कडेला, म्हणजे कर्बला, कोणता रंग आहे ते बघा. निळा आणि हिरवा चालतो. हिरव्यावरची वेळेची मर्यादाही लागू होत नाही. लाल, पिवळा आणि पांढरा चालत नाही. रहिवाशांसाठी राखलेल्या रस्त्यावर परवान्याविना लावता येते. रस्त्यावरच्या मीटरचे पैसे पडत नाहीत. खासगी पार्किंगवाला मात्र आपले पैसे घेऊ शकतो. पेट्रोलपंपावर एकापेक्षा जास्त माणसं कामावर असतील तर त्यांनी सेल्फ-सर्व्हिसच्याच दरात पेट्रोल भरून द्यायचं असतं, ही सोय अनेक प्लॅकार्डधारकांना माहीतच नसते. आणि गाडी चालवताना प्लॅकार्ड आरशावरून काढून ठेवायचं. ते नजरेच्या आड येतं.

मीटर फुकट, ही सगळ्या घोळातली खरी मेख आहे. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या फुटबॉल संघातले डझनाहून जास्त आजी-माजी खेळाडू खोटी कारणं देऊन मिळवलेल्या प्लॅकार्डांपायी कोर्टात उभे राहिले. मैदानावर धडका देणारी पोरं! त्याच विद्यापीठातले पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप हयातभर सांगत राहिले, की जवळची जागा द्या, पण फुकट देऊ नका. फुकटपणाच चोरांना बोलावतो. मिशिगन राज्याने १९९५ मध्ये मधला मार्ग काढला. प्लॅकार्ड सगळ्या पात्र लोकांना, पण मीटरची माफी फक्त ज्यांना मीटरपर्यंत पोचणं किंवा त्यात नाणी टाकणं शरीराने जमत नाही त्यांना. मला हे पटतं. गुडघा दुखतो म्हणून जवळची जागा हवी, हे बरोबर. गुडघ्याचा पाकिटाशी संबंध नसतो.

‘पर्मनंट म्हणजे कायमचं’

निळं प्लॅकार्ड कायमच्या अपंगत्वासाठी, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण त्याची मुदत दर विषम वर्षी ३० जूनला संपते. नवं टपालाने घरी येतं, म्हणून पत्ता बदलला की डीएमव्हीला कळवायला हवं. शिवाय दर सहा वर्षांनी ‘अजून हवं आहे’ अशी सही करून पाठवावी लागते.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर लाल, तात्पुरतं प्लॅकार्ड: सहा डॉलर, आणि जास्तीत जास्त १८० दिवस. अर्ज एकच, त्याचा क्रमांक रेग १९५. अर्धा आपण भरायचा, अर्धा डॉक्टरांनी.

‘भारतातलं सर्टिफिकेट दाखवू की’

आईबाबा येणार असतील तर हा भाग आधी वाचा. कॅलिफोर्निया इतर राज्यांची आणि इतर देशांचीही पार्किंग प्लॅकार्डं मानतं. अडचण आपल्याच बाजूची आहे: भारतात गाडीला लावायचं, देशभर चालणारं असं प्लॅकार्डच नाही. यूडीआयडी कार्ड अपंगत्वाचा पुरावा आहे, पार्किंगचा परवाना नव्हे. बाजारात मिळणारा व्हीलचेअरचा स्टिकर तर तिथेही परवाना नाही आणि इथेही नाही.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत जागा आहे: सार्वजनिक इमारतीच्या दारापासून ३० मीटरच्या आत, किमान ३.६ मीटर रुंद. पण ती जागा कुणी वापरायची हे ठरवणारा कागद नाही, आणि बहुतेक ठिकाणी तिथे वॉचमनची खुर्ची नाहीतर साहेबांची गाडी असते. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणं मूळ कायद्यातच बसत नाही, आणि बंधनकारक नियम करायला सरकारला तीन महिने दिले.

तर पाहुण्यांसाठी कॅलिफोर्नियात हिरवं, प्रवासी प्लॅकार्ड असतं. अपंगत्व कायमचं असेल तर परराज्यातल्या किंवा परदेशातल्या माणसाला ते ९० दिवसांपर्यंत मिळतं. आईबाबांचा मुक्काम सहसा सहा महिन्यांपर्यंतचा, तेव्हा सहली आणि दवाखाना ज्या महिन्यांत आहे ते बघून अर्ज करावा. भारतातल्या डॉक्टरांचे रिपोर्ट इंग्रजीत, आजाराचं नाव आणि चालण्यावरची मर्यादा स्पष्ट लिहून घेऊन यावेत; इथल्या डॉक्टरांना सही करताना त्यांचा उपयोग होतो.

आणि बेत न्यूयॉर्कचा असेल तर आणखी एक. त्या शहरात रस्त्यावरच्या पार्किंगला शहराचा स्वतःचा वेगळा परवाना लागतो. न्यूयॉर्क राज्याचं प्लॅकार्डसुद्धा तिथे फक्त रस्त्याबाहेरच्या राखीव जागांवर चालतं: मॉल, रुग्णालय, ऑफिसचं आवार. तेव्हा टाइम्स स्क्वेअरला गाडी नेण्यापेक्षा आईबाबांना टॅक्सीने दारापर्यंत सोडलेलं बरं.